आराखड्याआधी कोणाला विचारावे

परळमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणाऱ्या आपल्या मंडळाचा पुढील आराखडा तुम्ही करणार आहात, तेव्हा विचारपूस जेवणाऱ्यांपासूनच सुरू करा. मात्र रांगेत, ताट हातात असताना विचारू नका. उद्याचे जेवण ज्याच्या हाती आहे त्याला कोणीही ‘चांगले आहे’ असेच सांगतो. जेवणानंतर, वाढपी नसलेल्या व्यक्तीने शेजारी बसून, शक्य तर त्यांच्याच हिंदीत किंवा बंगालीत बोलावे. कोणत्या वेळी उपाशी राहावे लागते, हेच अन्न रुग्णही खातो का, धर्मशाळेत चूल मिळत असेल तर शिजवलेल्या जेवणापेक्षा शिधा बरा पडेल का, हे नेमकेपणाने विचारा. केमोथेरपी घेणाऱ्याला मऊ, कमी तिखट आणि ताजे अन्न लागते, त्यामुळे रुग्णालयातील समाजसेवक व आहारतज्ज्ञ यांचे मत घेतल्याशिवाय पदार्थ ठरवू नयेत.

स्वयंपाकघरातील बायकांना आणि टेम्पोचालकाला वेगळे भेटा, कारण विश्वस्तांसमोर ती माणसे बोलत नाहीत. समारंभातील उरलेले अन्न घेण्याचा विचार असेल, तर १ जुलै २०२० पासून लागू झालेले अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम जाणकाराकडून समजून घ्या.

देणगीदारांना शेवटी विचारा. श्राद्धाला किंवा वाढदिवसाला गोडधोड वाढण्याची त्यांची इच्छा मनापासूनची असते, पण तिच्यावरून वर्षाचे नियोजन होत नाही. निर्णय झाल्यावर तो, कारणांसह, ज्यांना विचारले त्या प्रत्येकाला कळवा. न स्वीकारलेल्या सूचनांचीही कारणे सांगा.