सान्तियागो दे क्युबात पहिला दिवस कसा घालवावा? लाइव्ह संगीत कुठे ऐकावं?

सकाळी लवकर सेस्पेदेस चौक गाठा, कारण दुपारी तिथे ऊन नुसतं भाजून काढतं. चौकातच नगरपालिकेची पांढरी इमारत आहे. तिच्या बाल्कनीतून १ जानेवारी १९५९ ला फिदेल कॅस्ट्रोनं क्रांतीच्या विजयाची घोषणा केली. शेजारी क्युबाचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर दिएगो वेलास्केस याचं सोळाव्या शतकातलं घर. त्याचं लाकडी छत मान वर करून बघाच. मोरो किल्ला गावापासून दहाएक किलोमीटरवर, समुद्राच्या कड्यावर आहे. टॅक्सीचं भाडं आधी ठरवा आणि उन्हं कलल्यावरच जा.

रात्र मात्र एरेदिया रस्त्यावरच्या ‘कासा दे ला त्रोवा’ या लाइव्ह संगीताच्या ठिकाणासाठी राखून ठेवा. ‘सोन’ हे संगीत पूर्व क्युबातलंच, त्यामुळे ते इथे ऐकण्यात वेगळीच मजा. वादकांजवळची खुर्ची पकडा आणि क्लावेकडे कान द्या: लाकडाच्या दोन आखूड दांड्या, एका मापात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. आपल्या भजनात टाळावर असतो, तसा इथला अख्खा मेळा त्यावर तोललेला असतो. एकदा तो ठेका सापडला की ‘त्रेस’ नावाची गिटार, बोंगो (जोड-ढोलकी), माराकास (खुळखुळे) सगळं आपोआप उलगडतं. कुणी नाचायला हात पुढे केला तर लाजू नका, पाय चुकले तरी तिथे कुणाला काही वाटत नाही. वादकांच्या टोपलीत टाकायला सुटे पैसे ठेवा.