स्कॅनरचे डिटेक्टर की डोसचं मोजमाप?

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर सीझियम-137 चा स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याचा आलेख) घेत होते. सकाळचं शिखर दुपारी काही चॅनल सरकलेलं दिसायचं. ते का सरकतं हे शोधण्यात इतका वेळ गेला की बाकीचा प्रोजेक्ट मागे पडला. पुढे वैद्यकीय क्षेत्रात डिटेक्टरवरच काम करायचं आहे. पण स्कॅनरचे डिटेक्टर घडवण्याकडे जावं की रेडिओथेरपीतला डोस मोजण्याकडे, हे ठरत नाही. आईला रेडिएशनची भीती वाटते. मित्र म्हणतात, आता मशीनच सगळं मोजतं, तुला काम काय उरणार? आणि इलेक्टिव्ह रेडिओबायोलॉजी घेऊ की न्यूक्लिअर इलेक्ट्रॉनिक्स?

उत्तर : तुझ्या पत्रात मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते सरकणारं शिखर. खोलीचं तापमान बदललं की क्रिस्टलमधून निघणारा प्रकाशही बदलतो आणि त्या प्रकाशाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या फोटोमल्टिप्लायरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाणही. त्यामुळे 662 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचं शिखर जागा सोडतं. बरेच विद्यार्थी पुन्हा कॅलिब्रेट करून पुढे जातात. तू थांबलीस. प्रोजेक्ट मागे पडल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, कारण तुझा कल कुठे आहे हे त्यातूनच दिसतं.

दोन्ही वाटांचं भौतिकशास्त्र एकच आहे. रेडिएशन पदार्थात ऊर्जा सोडतं आणि आपण ती प्रकाशाच्या किंवा चार्जच्या रूपात गोळा करतो. प्रश्न मात्र वेगळे. इमेजिंगला, म्हणजे स्कॅनरनं प्रतिमा घेण्याला, हवं असतं की फोटॉन कुठून आला आणि इथली नोंद शेजारच्या जागेपेक्षा किती वेगळी आहे. डोसिमेट्रीला, म्हणजे डोस मोजण्याला, हवं असतं की या बिंदूपाशी एका किलोमागे नेमके किती ज्यूल जमा झाले. पहिल्या कामात फरक स्पष्ट दिसला की बरंचसं साधतं. दुसऱ्यात तो एक आकडा बरोबरच असावा लागतो.

इमेजिंगची बाजू सध्या वेगानं बदलते आहे. भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटर यांनी 1948 मध्ये थॅलियम मिसळलेलं सोडियम आयोडाइड पुढे आणलं, त्यावर शरीरात दिलेल्या किरणोत्सारी औषधाचं चित्र घेणारा अँगर यांचा गॅमा कॅमेरा उभा राहिला, आणि अशा औषधातल्या टेक्नेशियम-99एम च्या 140 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनसाठी ते क्रिस्टल आजही चालतं. पेट स्कॅनमध्ये 511 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. त्यांच्या पोहोचण्याच्या वेळेतला फरक 200 पिकोसेकंदांपर्यंत ओळखता आला, तर उगमाची जागा साधारण 3 सेंटिमीटरच्या आत येते. त्यासाठी लुटेशियमचे जलद क्रिस्टल आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर लागतात. सीटीमध्ये कॅडमियम टेल्युराइडवर एकेक फोटॉन मोजणारे स्कॅनर 2021 पासून रुग्णांसाठी वापरात आले आहेत. हे सगळं काम मटेरियल, चिप आणि अल्गोरिदमचं आहे. बहुतेक वेळा पीएच.डी. करावी लागते आणि पुढचं आयुष्य संशोधन संस्थेत किंवा कंपनीत जातं. रुग्ण क्वचितच समोर येतो.

आता डोसकडे येऊ. 1 ग्रे म्हणजे एका किलोला एक ज्यूल. ही ऊर्जा ऐकायला किती किरकोळ वाटते! तेवढ्यानं पाण्याचं तापमान फक्त 0.00024 अंश सेल्सिअसनं वाढतं. तरीही राष्ट्रीय मानक प्रयोगशाळांतले वॉटर कॅलरीमीटर हीच वाढ मोजतात, आणि रुग्णालयातल्या आयन चेंबरचं (रेडिएशननं हवेत तयार होणारा चार्ज गोळा करणाऱ्या डिटेक्टरचं) कॅलिब्रेशन साखळीनं अशा प्राथमिक मानकापर्यंत पोहोचतं. 0.6 घन सेंटिमीटरच्या नेहमीच्या फार्मर चेंबरमध्ये 1 ग्रेला जेमतेम 20 नॅनोकूलोंब चार्ज जमतो. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, त्यामुळे खोली 3 अंशांनी तापली की हवा विरळ होते आणि वाचन जवळजवळ 1 टक्क्यानं घटतं. तापमान आणि दाबाची दुरुस्ती विसरली की तेवढी चूक थेट उपचारात उतरते. रुग्णाला मिळणारा डोस ठरवलेल्या डोसच्या 5 टक्क्यांच्या आत असावा, अशी शिफारस 1976 पासून आहे. त्या 5 टक्क्यांत कॅलिब्रेशन, प्लॅनिंग, रुग्णाची स्थिती, सगळंच बसवायचं असतं.

मित्रांच्या शंकेचं उत्तर एका घटनेत आहे. फ्रान्समधल्या तुलूज शहरात 2006 ते 2007 या काळात 145 रुग्णांना ठरल्यापेक्षा जास्त डोस गेला. अगदी लहान फील्डच्या (बीम पडतो त्या क्षेत्राच्या) कॅलिब्रेशनसाठी आकारानं मोठा डिटेक्टर वापरला गेला होता. बीम डिटेक्टरपेक्षा लहान असला की डिटेक्टर मधल्या तीव्र भागाची आणि कडेच्या मंद भागाची सरासरी काढतो आणि खऱ्यापेक्षा कमी वाचतो. मशीन कमी देतंय असं समजून हिशेबात जास्त बीम धरला जातो. त्यानंतरची सगळी गणितं चोख असली तरी चुकीचा पायाभूत आकडा ती निमूटपणे पुढे नेतात. या फील्डला हा डिटेक्टर चालेल का, हे विचारणारं माणूस तिथे लागतं. मशीन जितकं स्वयंचलित होईल, तितकी अशा माणसाची गरज मला जास्त वाटते.

तुझ्या आईंसाठी दोन शब्द. ताई, तुमची काळजी रास्त आहे आणि ‘काही होत नाही’ असं सांगून मी ती उडवून लावणार नाही. लिनॅकचा, म्हणजे रेडिओथेरपीच्या मशीनचा, बीम सुरू असताना खोलीत फक्त रुग्ण असतो. फिजिसिस्ट जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे बसतो, आणि स्विच बंद केला की बीम थांबतो. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये मात्र किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलेला रुग्ण स्वतःच स्रोत असतो, म्हणून तिथे वेळ, अंतर आणि आडोसा यांची शिस्त अधिक कडक असते. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबानं मोजलेल्या डोसचं एकक) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 50 च्या वर जायचं नाही. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीवर लावलेला, रेडिएशन मोजणारा बॅज ठरावीक काळानं वाचला जातो आणि त्याची नोंद राहते. गरोदरपणात तर कळवल्यापासून पुढच्या काळासाठी गर्भाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट धरतात आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे बदलतात. मुलगी जिथे रुजू होईल तिथे बॅजच्या नोंदी पाहायला मागा. ज्या विभागाला त्या दाखवायला संकोच वाटतो, तिथे तिनं जाऊ नये.

माझा सल्ला डोसिमेट्रीचा आहे. तरीही अर्ज भरण्याआधी एखाद्या रेडिओथेरपी विभागात परवानगी घेऊन सकाळचं क्यूए (मशीनची गुणवत्ता तपासणी) बघ. वाचन घेतल्यावर फिजिसिस्ट कोणत्या दुरुस्त्या करतात आणि का, हे विचार. ते ऐकताना कंटाळा आला, तर इमेजिंगकडे खुशाल वळ. या कामाला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं, म्हणून पदवीच्या पुढची वर्षं हिशेबात धर.

दरम्यान मोजणीची सांख्यिकी पक्की कर. 10,000 काउंट घेतले तर 1 टक्का अनिश्चितता राहते, आणि ती अर्ध्यावर आणायला चौपट काउंट लागतात. सी++ येत असेल तर मॉन्टे कार्लोसाठी, म्हणजे रेडिएशनचा पदार्थातला प्रवास संगणकावर यादृच्छिक आकड्यांनी उभा करण्यासाठी, जिअँट-4 या सॉफ्टवेअरला हात घाल.

इलेक्टिव्ह न्यूक्लिअर इलेक्ट्रॉनिक्सच घे. रेडिओबायोलॉजी मेडिकल फिजिक्सच्या अभ्यासक्रमात पुन्हा नीट शिकवतात. प्रीअँप्लिफायर आणि इलेक्ट्रोमीटर उघडून, गळणारा करंट स्वतः शोधून काढायची मोकळीक मात्र नोकरीला लागल्यावर सहसा मिळत नाही.