कंपनीच्या नेटवर्कवर पहिल्यांदाच ऑटोमॅटिक डिस्कव्हरी चालवायची आहे, आधी काय तयारी करावी?

साताऱ्याच्या एमआयडीसीत तीन शेड, जोडायला फायबर, उपकरणांची यादी कुणाकडेच नाही आणि पुढच्या आठवड्यात नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधून यादी करणारं टूल चालवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगली-कुपवाडकडच्या छोट्या कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. माझं ऐकाल तर सगळ्यात आधी एक यादी करा: कशाला अजिबात हात लावायचा नाही.

हे मी एका हळदीच्या गोदामात शिकलो. सकाळी अकराला, ऐन कामाच्या वेळी स्कॅन सुरू केला. थोड्याच वेळात पोत्यांची लेबलं छापणारा प्रिंटर भलतीच अक्षरं छापत सुटला. टूलने त्याच्या ९१०० पोर्टवर, म्हणजे छपाईचा मजकूर आत घेण्याच्या वाटेवर, चाचपणी केली होती आणि त्या पोर्टवर जे येईल ते छापायचं, एवढंच प्रिंटरला ठाऊक. पाठोपाठ वजनकाट्याचा आकडा संगणकावर यायचा थांबला. काट्याला नेटवर्कशी जोडणारा कन्व्हर्टर एका वेळी एकच कनेक्शन घेणारा होता, ते स्कॅनने धरून ठेवलं. कन्व्हर्टर बंद करून परत चालू करेपर्यंत दारात गाड्या खोळंबल्या. तेव्हापासून प्रिंटर, पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर), काटे यांचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, मी आधी वगळतो आणि त्यांची नोंद हातानं करतो.

मग रेंज, म्हणजे स्कॅन कुठल्या पत्त्यांवर चालवायचा ते. अंदाजाने १०.०.०.०/८ टाकू नका, ते दीड कोटीच्या वर पत्ते होतात. एका /२४ च्या गटात २५४ च असतात. राउटरची एआरपी टेबल (त्याला अलीकडे दिसलेले पत्ते) आणि डीएचसीपीची यादी (आपोआप वाटलेले पत्ते) बघितली की खरोखर वापरातले सबनेट, म्हणजे पत्त्यांचे गट, कळतात.

पासवर्डचं काम घाईत उरकू नका. टूलसाठी वेगळं खातं काढा, सगळ्या मशीनवर हक्क असलेलं डोमेन अ‍ॅडमिनचं देऊ नका. टूल तोच पासवर्ड समोर येईल त्या प्रत्येक मशीनवर वापरून बघतं. टाइप करताना एक अक्षर चुकलं तरी खातं लॉक होऊ शकतं, म्हणून आधी चार-पाच मशीनवर तपासा. नेटवर्क स्विचवर एसएनएमपी (उपकरणाला त्याची माहिती विचारायची पद्धत) फक्त वाचण्यापुरतं द्या आणि जमेल तिथं व्हर्जन ३ लावा. जुन्या २सी व्हर्जनमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्डच, उघडी जाते, शिवाय बऱ्याच ठिकाणी ती अजून 'पब्लिक'च असते. विंडोजची माहिती डब्ल्यूएमआयने (विंडोजमधलीच माहिती देणारी सोय) घ्यायची तर पोर्ट १३५ आणि त्यानंतरचं बोलणं ज्यांवर चालतं ते आरपीसीचे डायनॅमिक पोर्ट फायरवॉलमध्ये स्कॅनरच्या आयपीपुरतेच उघडा.

मालकाची परवानगी ई-मेलवर घ्या. आयटी कायदा २००० चं कलम ४३ विनापरवानगी प्रवेशाबद्दलच आहे, आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा लाइनवाल्याचा राउटर तुमचा असेलच असं नाही. अँटिव्हायरस बघणाऱ्यालाही वेळ कळवून ठेवा, नाहीतर हल्ला समजून तो स्कॅनरच अडवेल.

वेळेचा पेच राहतोच: रात्री धोका कमी, पण लॅपटॉप घरी गेलेले असतात. मी स्विच आणि सर्व्हर रात्री घेतो, ऑफिसचे पीसी जेवणाच्या सुट्टीत.

पहिल्यांदा एकाच शेडचा एक सबनेट घ्या आणि निकाल स्विचच्या मॅक टेबलशी (स्विचच्या कुठल्या पोर्टला कुठलं उपकरण आहे त्याची नोंद) ताडून बघा. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला, म्हणजे 'आहेस का' या हाकेला, उत्तर देत नाही, त्यामुळे चालू मशीनही सुटतं. टेबलात असून स्कॅनमध्ये नसलेलं काही निघालं तर वायर धरून तिथपर्यंत जा. त्या गोदामात असंच जाऊन बघितलं, तर कपाटामागे कुणीतरी लावलेला घरगुती वायफाय राउटर निघाला, आणि त्याच्या आड आणखी सहा मशीन.