आमच्या नातवाला पाण्यात उतरवावं का?

प्रश्न : ताई, माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा टेकत नाहीत. बोलण्यात मात्र हुशार, मराठी-गुजराती दोन्ही घडाघडा बोलतो. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, पाण्यातले व्यायाम सुरू करा. मुलगा-सून वासणा रोडला राहतात, त्यांच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. मागच्या आठवड्यात तिथे उतरवलं, तर पाय लाकडासारखे ताठ झाले आणि त्यानं रडून आकांत केला. शेजारी सांगतात, पाण्यानं मूल चालायला लागतं. खरं काय मानायचं?
— एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजी, आधी त्या रडण्याबद्दल. तो हट्ट नव्हता. ज्या स्नायूंना मेंदूकडून ‘सैल हो’ हा निरोपच नीट पोचत नाही, ते गारठ्यानं आणखी आवळतात. थेरपीचं पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं. पोहण्याचे नेहमीचे तलाव २६ ते २८ अंशांवर ठेवतात, आणि जानेवारीत बडोद्यातला उघडा पूल त्याहूनही थंड असतो. त्याला पुन्हा त्या पाण्यात घालू नका. गरम पाण्याचा पूल असलेलं केंद्र शोधा, आणि तिथेही सुनेला थर्मामीटर घेऊन जायला सांगा. मी आजही मोजल्याशिवाय मुलाला उतरवत नाही.

छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचा जेमतेम एक तृतीयांश भार पायांवर येतो. जमिनीवर दोघांनी धरूनही न जमणारं पाऊल तिथे जमतं, पडलं तरी लागत नाही. छातीवर पाण्याचा दाब येतो, त्यामुळे श्वासाचाही व्यायाम होतो.

लंडनच्या हॅलिविक नावाच्या शाळेत १९४९ मध्ये जेम्स मॅकमिलन यांनी अपंग मुलींना पोहायला शिकवलं, त्यातून पाण्यातल्या व्यायामाची हॅलिविक पद्धत उभी राहिली. तिच्यात हवेचे फुगे, ट्यूब काही बांधत नाहीत. एका मुलामागे एक मोठं माणूस पाण्यात असतं, आणि मूल तोल सांभाळू लागलं की ते आपला आधार हळूहळू कमी करतं. आई-आजींना हेच जड जातं. आपण पोराला घट्ट धरतो, आणि मग तोल सांभाळायचं काम त्याच्याकडे उरतच नाही.

माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी यायची. उजवी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत. तिसऱ्या आठवड्यात पाण्यावरचा प्लास्टिकचा चेंडू फुंकत फुंकत ती पुढे सरकत होती, आणि मूठ आपोआप उघडली. तळहाताच्या घड्यांत साचलेला मळ पाण्यात सुटून आला. ती फुंकायची थांबली, हात उलटा-सुलटा करून बघत राहिली. अंग पुसून होईपर्यंत मूठ पुन्हा मिटली होती, हेही सांगते. पण त्या दहा मिनिटांत तिची बोटं सरळ करताना ती पहिल्यांदाच कळवळली नाही.

म्हणून शेजाऱ्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. मेंदूला झालेली इजा पाण्यानं भरून येत नाही. तुमच्या नातवासारखी बरीच मुलं पुढे चालतात, पण त्यामागे जमिनीवरचे व्यायाम, पाय सरळ धरून ठेवणारे स्प्लिंट, खुब्याचे वेळोवेळी काढलेले एक्स-रे असं सगळं असतं. पाण्यासाठी यातलं काहीही सोडू नका.

त्याला फिट येत असतील, घास-पाणी गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. ताप, जुलाब, वाहता कान, अंगावर जखम असेल त्या दिवशी सुट्टी. सुरुवातीला वीस मिनिटं पुरे. बाहेर काढताच आधी डोकं कोरडं करा, आणि बोटांच्या बेचक्या नीट पुसूनच स्प्लिंट चढवा.

खर्चाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विमा योजनेत सेरेब्रल पाल्सी बसते. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचाही त्यात समावेश आहे. तुमच्या मुलाला, म्हणजे नातवाच्या वडिलांना, आधी ते काम हातात घ्यायला सांगा.

आणि पूल मिळेपर्यंत एक काम तुमचं. परातीत कोमट पाणी घ्या, त्यात झेंडूची एक पाकळी सोडा आणि त्याला फुंकायला लावा. आमचा पाण्यातला पहिला धडाही फुंकरीचाच असतो, कारण फुंकणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी जात नाही. पाकळी पलीकडच्या काठाला लागली की मला कळवा.