माश्यांना दिवाळीची सुट्टी नसते

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र. दोन वर्षं नीटचे क्लास झाले. मग विद्यापीठातल्या एका प्राध्यापकबाईंची प्रयोगशाळा बघून आली आणि आता म्हणते, मेडिकल नको. गर्भात अवयव कसे घडतात, त्यात जीन काय करतात, तेच शिकणार. आईचा प्रश्न : यात पोट भरतं का?

भरतं ताई, पण उशिरा. एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं, पीएचडीला आणखी पाच-सहा, वर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. प्राध्यापकी मिळेपर्यंत तिशी उलटते. मात्र नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात.

तिनं काय पाहिलं असेल, सांगतो. कोंबडीच्या अंड्यातला थोडा पांढरा बलक सिरिंजनं काढून घेतात, कवचाला चिकटपट्टी लावून बारीक कात्रीनं खिडकी कापतात. तीन दिवस उबवलेल्या अंड्यात पिवळ्यावर लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मधोमध मोहरीएवढं हृदय धडधडत असतं. (घरी खटाटोप नको. दुकानातली अंडी सहसा फलित नसतात, आम्लेटच होईल.) अशा प्रयोगशाळेत फळमाश्याही पाळतात. फळमाशीत 'टिनमॅन' नावाचा जीन नसला तर हृदय तयारच होत नाही. त्याचा भाऊबंद आपल्यातही आहे. त्यात बिघाड असला तर बाळ हृदयाला छिद्र घेऊन जन्मू शकतं. म्हणजे मेडिकल सोडलं तरी पोरगी आजारांपासून फार लांब जात नाहीये. फळमाशीच्या गर्भावरच्या कामाला १९९५चं नोबेल मिळालंय.

मला काळजी वेगळीच वाटते. धडधडतं हृदय बघून कुणीही हरखेल. रोजचं काम म्हणजे माश्यांच्या बाटल्या बदलणं, सूक्ष्मदर्शकाखाली शेकड्यांनी माश्या मोजणं, सहा महिन्यांनी प्रयोग फसला की पुन्हा पहिल्यापासून. माश्यांना दिवाळीची सुट्टी नसते. परीक्षा संपली की त्याच बाईंना विचारून तिला महिनाभर तिथे जाऊ दे, बाटल्या धुवायला का होईना.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचं विचारलंत. प्रवेशपरीक्षेला बसता येईल, पण ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात आणि बी ग्रुपमुळे तिचं गणित दहावीलाच सुटलंय. ते जमणार नसेल तर आपल्या बडोद्याच्या एम.एस. विद्यापीठातलं झूलॉजी काही वाईट नाही. नातेवाईकांना सांगायला बरं, म्हणून नीटला आणखी एक वर्ष मात्र घालवू नका.

आणि पुढचं पत्र तिला लिहू दे.