१००० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा) असलेला गेमिंग पीसी घरच्या साध्या सॉकेटवर चालेल का?

तुम्ही आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड घेताय, दुकानदाराने १००० वॅटचा एसएमपीएस सुचवलाय आणि तुम्हाला दोन धास्त्या आहेत: वेगळी लाइन ओढावी लागेल का, आणि हे धूड तासाला एक युनिट खाईल का. दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. वायरिंग जुनी, काळवंडलेली असेल तर मात्र आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

१००० हा आकडा म्हणजे एसएमपीएस जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. ओढायचं किती, हे आतले पार्ट ठरवतात. ४०९० ची मर्यादा ४५० वॅट. गेममध्ये प्रोसेसरचे शंभर-सव्वाशे धरा, पंखे, रॅम, एसएसडी, बोर्ड मिळून साठेक. झाले ६४० च्या आसपास. एसएमपीएस गोल्ड दर्जाचा असला तरी दहाएक टक्के उष्णतेत जातात, म्हणजे भिंतीतून ७१० आणि मॉनिटरचे पन्नास. २३० व्होल्टवर हे साडेतीन अँपियरसुद्धा होत नाहीत. कपड्यांची इस्त्रीही याहून जास्त ओढते, आणि तिच्यासाठी कोणी विचारायला येत नाही! (५०९० घेतलात तर एकटं कार्डच ५७५ वॅटचं, मग एकूण नऊशेच्या घरात जाल.)

मग १००० कशाला? कारण कार्ड क्षणभर उसळी मारतं. एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकाच्या नियमानुसार एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट ओढ सोसता आली पाहिजे. एमसीबीला (जादा ओढ झाली की पडणाऱ्या घरातल्या स्विचला) या उसळीचा पत्ताही लागत नाही, पण तोकडा एसएमपीएस तेवढ्यात बंद पडतो.

माझ्याकडे हेच कार्ड आहे. सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मी महिनाभर लावून ठेवला होता. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ९० च्या आसपास, बहुतेक गेममध्ये ५०० ते ५५०. सातशेचा आकडा मी दोनदाच पाहिला, तोही मुद्दाम टेस्ट चालवून. रोज चार तास ५५० धरले तर महिन्याला ६६ युनिट. आता आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवलंय. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेममध्ये फरक चार-पाच टक्क्यांचा, खेळताना कळतही नाही.

भिंतीतली वायर सोसते, घात करतो तो एक्स्टेन्शन बोर्ड. माझ्या पहिल्या पीसीच्या वेळी मी एका स्वस्त बोर्डावर पीसी, दोन मॉनिटर, स्पीकर आणि थंडीत हीटरही लावला होता. एक दिवस वास आला. प्लग काढला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. पीसीचा काहीच दोष नव्हता, हीटर आणि सैल पकड यांनी काम केलं होतं. तेव्हा पीसी थेट भिंतीत, नाहीतर जाड वायरच्या बोर्डावर एकटा. तासभर खेळल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला. आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती ‘सवयीची’ गोष्ट समजू नका.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर) आणि वॅट यांची गल्लत होते. १००० व्हीए लिहिलेला यूपीएस बऱ्याचदा ६०० वॅटचाच असतो. माझा ६०० व्हीएचा होता, त्यावर वॅट होते ३६०. ऐन गेममध्ये लाइट गेली, त्याने एक लांब शिटी मारली आणि सगळं अंधारात. डब्यावरचा वॅटचा आकडा वाचा. शक्यतो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लाट देणारा घ्या, कारण काही एसएमपीएस चौकोनी वेव्हवर कुरकुरतात.

उकाड्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. ओढलेली वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन बाहेर पडते. ७०० वॅट म्हणजे एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा पाचवा हिस्सा त्यातच खर्च, शिवाय एसीचं बिल वेगळं. टेबल खिडकीजवळ ठेवा.