विंटर मॉथच्या मादीला उडता येत नाही, मग ती झाडावर कशी पोहोचते?

ती चालत जाते. युरोपातील ओकच्या जंगलांत सर्रास आढळणाऱ्या या पतंगाच्या मादीला पंखांचे केवळ खुंट असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मातीतील कोषातून बाहेर पडून ती अंधारात खोड चढू लागते आणि तिच्या गंधाच्या मागावर करडे-तपकिरी नर कडाक्याच्या थंडीतही उडत येतात. सालीच्या भेगांत घातलेली अंडी आधी हिरवट असतात, नंतर नारिंगी होतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो वसंतातील वेळेचा मेळ: पालवी फुटण्याआधी अळी बाहेर आली तर ती उपाशी मरते, आणि उशीर झाला तर पाने टॅनिन या तुरट, पचनाला अडथळा आणणाऱ्या द्रव्याने जड झालेली असतात. अन्न नसेल, तर इवलीशी अळी रेशमी धागा सोडून वाऱ्यावर दुसरीकडे जाते. जूनच्या सुमारास ती पुन्हा मातीत उतरते.